कॉफीचा कडूपणा येतो कुठून?

परीक्षेच्या दिवसांत घराघरांत एक फर्माईश ऐकू येते : "आज जागायचंय, कॉफी चांगली कडू कर." कडूपणा जास्त म्हणजे कॅफीन जास्त, हा समज इतका पक्का आहे की काळपट भाजलेली पूड 'स्ट्राँग' म्हणून खपते. पण कॅफीन काढून टाकलेली डीकॅफ कॉफीसुद्धा कडूच लागते. मग हा कडूपणा कशाचा?

म्युनिकच्या तंत्रविद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ थॉमस हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीतले घटक वेगळे करून ते एकेक चाखून पाहिले. २००७ साली त्यांनी मांडलेल्या निष्कर्षानुसार कॉफीच्या एकूण कडूपणात कॅफीनचा वाटा जेमतेम १५ टक्के असतो. बाकीचा कडूपणा भट्टीत तयार होतो, आणि तो कसा होतो हे मला कॉफीतलं सर्वांत देखणं रसायनशास्त्र वाटतं.

कच्च्या, हिरव्या बीमध्ये क्लोरोजेनिक आम्लं भरपूर असतात. त्यांच्या रेणूचे दोन भाग : कॅफेइक आम्ल (याचा कॅफीनशी काही संबंध नाही) आणि क्विनिक आम्ल. दोन्ही एस्टर नावाच्या रासायनिक बंधाने जोडलेले. क्लोरोजेनिक आम्ल स्वतः फारसं कडू नसतं, जरा तुरट असतं. बी भाजायला लागली की क्विनिक भागातला कार्बॉक्सिल हा अणूंचा गट त्याच भागातल्या हायड्रॉक्सिल गटाशी जुळतो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि अणूंचं नवं कडं तयार होतं. हे झालं लॅक्टोन. मध्यम भाजलेल्या कॉफीचा हवाहवासा, सौम्य कडूपणा मुख्यतः याचा. आच तशीच चालू ठेवली की लॅक्टोनही मोडतात. कॅफेइक भागातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मागे व्हिनाइलकॅटेकॉल उरतं, त्याचे रेणू एकमेकांना जुळतात आणि फिनाइलइंडेन जन्माला येतात. घशाशी रेंगाळणारा, जळका कडूपणा तो हाच.

या सगळ्या उलथापालथीत कॅफीन जवळपास होतं तेवढंच राहतं. म्हणजे एकाच मळ्यातली बी हलकी भाजली काय आणि काळी भाजली काय, जागरणाच्या दृष्टीने फरक किरकोळ. खरा फरक जातीचा. अरेबिकात कॅफीन वजनाच्या सुमारे १.२ टक्के, तर रोबस्टात त्याच्या जवळजवळ दुप्पट. आपल्याकडच्या फिल्टर कॉफीच्या पुड्यात तिसरा भिडूही असतो : चिकोरी. ही भाजलेली मुळी. रंग गडद, चव कडसर आणि कॅफीन शून्य. भारतीय नियमांनुसार मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते आणि तिचं प्रमाण पुड्यावर छापावं लागतं. ते एकदा वाचाच.

हे सगळं घरी चाखून कळतं. एकाच मळ्याची हलकी आणि काळी भाजलेली अरेबिका, एक रोबस्टा आणि एक चिकोरीवाली पूड आणा. चिकमगळूर-कोडगूची कॉफी सहज मिळते. विदर्भात असाल तर चिखलदऱ्याचीही शोधा. मोजायला चमचा नको, वजनकाटा घ्या, कारण काळी भाजलेली बी फुगलेली आणि हलकी असते, चमचाभर पूड वजनात कमी भरते. कपाला ८ ग्रॅम जाडसर पूड, वर उकळी थांबल्यावरचं १५० मिलिलिटर पाणी. चार मिनिटांनी वर तरंगणारा पुडीचा थर चमच्याने मोडा, नाक जवळ नेऊन वास घ्या, फेस काढून टाका. पाणी सगळ्या कपांना एकच हवं. बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतलं आम्ल मारतात आणि चांगली कॉफीही सपक लागते. दूध, साखर, जायफळ आज बाजूला.

मग चमच्याने सरळ भुरका मारा. लहानपणी यासाठी ओरडा खाल्ला असेल, पण भुरक्यामुळे कॉफीचे तुषार तोंडभर उडतात आणि वास घशामागून नाकात चढतो. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या : आंबट, कडू, गोड एवढंच उरेल. सोडलंत की कॉफी परत येईल. कप कोमट झाल्यावर पुन्हा चाखा, गरम असताना लपलेला आंबटपणा आता पुढे येतो.

उदमांजराच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांच्या कॉफीला लोक हजारो रुपये मोजतात, आणि त्या हव्यासापायी ही जनावरं पिंजऱ्यात कोंडून कॉफीची फळं खायला घातली जातात. ही किंमत चवीपेक्षा गोष्टीची जास्त आहे. अशा कुठल्याही दाव्याची परीक्षा घरच्या घरी होते. कपांच्या तळाला खुणा करून घरातल्या कुणाला तरी तीन कप भरायला सांगा, दोन एका कॉफीचे, एक दुसरीचा. वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तिनात एक. कप बदलून हे सहा वेळा करा. पाच किंवा सहा वेळा बरोबर आलात तर ते नशिबाने घडण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी असते. दोन-तीनदाच जमलं, तर पुढच्या वेळी त्यातली स्वस्त कॉफी आणा.