क्वेकर पार्टी आणि क्वेकर: पेनसिल्व्हेनियातली एका नावाची दोन खाती

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया या ब्रिटिश वसाहतीचा अठराव्या शतकातला इतिहास वाचताना एक वाक्य हमखास भेटतं: १७५६ मध्ये क्वेकरांनी सत्ता सोडली. चार पानं पुढे जावं, तर १७६४ च्या निवडणुकीत क्वेकर पार्टी प्रांताच्या असेंब्लीतला, म्हणजे विधिमंडळातला, सत्ताधारी पक्ष म्हणून उभी असते. सत्ता सोडली होती, तर ही मंडळी आली कुठून?

क्वेकर म्हणजे सोसायटी ऑफ फ्रेंड्स या ख्रिस्ती पंथाचे सभासद. क्वेकर पार्टी म्हणजे असेंब्लीतला राजकीय गट. १७५० पर्यंत दोन्हीकडे बरीचशी तीच माणसं होती, म्हणून नाव चिकटलं. माणसं बदलली तरी ते सुटलं नाही.

पंथाचं सभासदत्व नोंदवहीत असे. ती वही मासिक सभेकडे, म्हणजे मंथली मीटिंगकडे. तिच्यावर त्रैमासिक सभा आणि सगळ्यांत वर फिलाडेल्फियाची वार्षिक सभा. कामकाजात हात वर करून मतं मोजत नसत. बोलणं ऐकून सभेचा कल काय आहे ते क्लार्क लिहून काढी आणि तो मजकूर तिथेच मान्य करून घेई. शपथ घ्यायची नाही, फक्त प्रतिज्ञा करायची. युद्धात भाग घ्यायचा नाही. लग्न सभेच्या संमतीनेच लावायचं. यातलं काही मोडलं की दोघं-तिघं घरी येऊन समजावत. चूक लेखी कबूल केली तर प्रकरण मिटे, नाहीतर सभासदत्व काढून घेतल्याची नोंद होई. याला वाळीत टाकणं म्हणू नये. काढलेला माणूस रविवारच्या उपासनेला पूर्वीसारखाच बाकावर येऊन बसू शकत असे. फक्त कामकाजाच्या सभेत त्याला जागा नसे आणि त्याची वर्गणी घेतली जात नसे.

पक्षाची अशी वही कधीच नव्हती. दरवर्षी १ ऑक्टोबरला निवडणूक होई आणि १४ तारखेला नवी असेंब्ली भरे. कोण कोणत्या गटात, हे उमेदवारांच्या यादीवरून कळे. गटाला धरून ठेवणारी गोष्ट पैशाची होती: कर आणि खर्च यांवर असेंब्लीचा ताबा असावा, आणि प्रांताचे मालक असलेल्या पेन घराण्याच्या जमिनींवरही इतरांसारखाच कर बसावा. या मुद्द्यावर जर्मन शेतकऱ्यांची मतंही या गटाला मिळत. मतदारसंघांची रचनाही त्याच्या सोयीची होती. १७५० च्या दशकात एकूण जागा ३६. त्यांपैकी फिलाडेल्फिया, बक्स आणि चेस्टर या तीन जुन्या काउंट्यांना प्रत्येकी ८ आणि फिलाडेल्फिया शहराला २. सरहद्दीकडे वस्ती झपाट्याने वाढत होती, तरी लँकेस्टरला ४, यॉर्क आणि कंबरलँडला प्रत्येकी २, बर्क्स आणि नॉर्दम्प्टनला एकेकच. २६ जागा जुन्या पट्ट्यात असताना प्रांतात क्वेकर अल्पसंख्य झाले तरी फार फरक पडत नसे.

घोटाळ्याचं मूळ एका माणसात स्पष्ट दिसतं. जॉन किन्से हा १७३९ पासून १७५० पर्यंत असेंब्लीचा स्पीकर होता, आणि त्याच वर्षांत वार्षिक सभेचा क्लार्कही. शिवाय १७४३ पासून प्रांताचा सरन्यायाधीश. पंथाचा कल लिहिणारा आणि असेंब्लीतली मतं मोजून घेणारा माणूस एकच असल्यावर समकालीनांनी दोन्हींना एकच नाव दिलं, यात नवल नाही. किन्से १७५० मध्ये वारला. नंतर त्याच्याकडच्या सरकारी कर्जकचेरीच्या पैशांत मोठी तूट निघाली. त्याच्यामागे स्पीकर झालेला आयझॅक नॉरिस क्वेकरच होता, पण दोन्ही खुर्च्या एका माणसाकडे राहिल्या नाहीत.

त्या काळात तत्त्व आणि राज्यकारभार यांची सांगड शब्दांनी घातली जाई. १७११ मध्ये असेंब्लीने २,००० पौंड ‘राणीच्या उपयोगासाठी’ म्हणून मंजूर केले. युद्ध हा शब्द टाळला. १७४५ मध्ये लुईबर्ग या फ्रेंच किल्ल्यावरच्या मोहिमेच्या वेळी दारूगोळ्याला पैसे मागितले, तेव्हा ब्रेड, पीठ, गहू ‘किंवा इतर दाणे’ घेण्यासाठी रक्कम दिली. गव्हर्नरने ती मुकाट्याने घेतली आणि दाण्यांचा अर्थ बंदुकीच्या दारूचे दाणे असा लावला. हा प्रसंग फिलाडेल्फियातला राजकारणी बेंजामिन फ्रँकलिन याने आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. अशा शब्दांना केवळ ढोंग म्हणून सोडून देऊ नये. राजाला कर देणं क्वेकरांना मान्य होतं. त्या पैशाचं पुढे काय होतं याची जबाबदारी राजाची, हा त्यांचा जुना युक्तिवाद होता.

१७५५ मध्ये तो पुरेनासा झाला. जुलैत फ्रेंचांविरुद्ध निघालेल्या ब्रिटिश सेनापती ब्रॅडॉकचा पराभव झाला, शरद ऋतूत सरहद्दीवर हल्ले सुरू झाले आणि नोव्हेंबरात असेंब्लीने ६०,००० पौंडांचा खर्च आणि फ्रँकलिनने मांडलेला मिलिशियाचा, म्हणजे नागरिकांच्या लष्करी पथकांचा, कायदा असे दोन्ही मंजूर केले. आता पैसे कशासाठी, हे कुणापासून लपलेलं नव्हतं. क्वेकर उपदेशक जॉन वुलमन आणि त्याच्या बरोबरच्या काहींनी हा कर भरणार नाही असं जाहीर केलं. नॉरिससारखे क्वेकर मात्र संरक्षणाच्या खर्चाच्या बाजूने राहिले. म्हणजे फूट पंथाच्या आतच पडली होती. १४ एप्रिल १७५६ ला गव्हर्नर मॉरिसने डेलावेअर या मूळ रहिवासी जमातीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि टाळूच्या कातडीला बक्षीस लावलं. तिकडे लंडनच्या क्वेकरांनी ब्रिटिश सरकारशी बोलणी केली: आमची माणसं बाजूला होतील, पण शपथेची सक्ती करून त्यांना कायमचं बाहेर ठेवू नका. ४ जून १७५६ ला जेम्स पेंबर्टनसह सहा जणांनी राजीनामे दिले. ऑक्टोबरच्या निवडणुकीनंतर आणखी चौघे बाहेर पडले.

‘सत्ता सोडली’ ती एवढीच. काही क्वेकर सभासद गेले, नॉरिससारखे राहिले आणि रिकाम्या जागा त्याच गटातल्या बिगर-क्वेकरांनी भरल्या. गटाची सूत्रं हळूहळू फ्रँकलिनकडे गेली. तो कधीच क्वेकर नव्हता. त्याचा जोडीदार जोसेफ गॅलोवे क्वेकर घरातला, पण त्याने १७५३ मध्ये अँग्लिकन चर्चमध्ये लग्न केलं. समोरच्या प्रोप्रायटरी पार्टीकडे, म्हणजे पेन घराण्याच्या बाजूच्या गटाकडे, पाहिलं तर गुंता वाढतो. तिचा मुख्य आधार थॉमस पेन, म्हणजे प्रांत वसवणाऱ्या क्वेकर विल्यम पेनचाच मुलगा, आणि तो वडिलांचा पंथ सोडून अँग्लिकन झालेला. १७६४ मध्ये प्रांत पेन घराण्याकडून काढून थेट राजाकडे द्यावा अशी मागणी क्वेकर पार्टीने केली. असेंब्लीत तिला कडाडून विरोध केला क्वेकर घरातल्या जॉन डिकिन्सनने, आणि नॉरिसने याच वादात स्पीकरपद सोडलं. त्या ऑक्टोबरात फ्रँकलिन आपली जागा हरला. असेंब्लीतलं बहुमत मात्र त्याच्या गटाकडेच राहिलं.

एखादा राजकारणी नेमका कोणत्या खात्यातला हे ठरवायचं, तर असेंब्लीतली मतं आणि मासिक सभेची कागदपत्रं वेगवेगळी तपासावी लागतात. शपथेऐवजी प्रतिज्ञा केली हा पुरावा पुरत नाही. मेनोनाइट आणि मोरेव्हियन या इतर ख्रिस्ती पंथांचे लोकही प्रतिज्ञाच करत. क्वेकर आई-वडिलांचं नाव मिळालं तरी थांबू नये, त्याला पुढे काढलं होतं का ते पाहावं. थॉमस मिफ्लिन क्वेकर घरात वाढला, सैन्यात गेला म्हणून १७७५ मध्ये काढला गेला आणि पुढे राज्याचा गव्हर्नर झाला. त्याला क्वेकर गव्हर्नर म्हणणं चुकीचं आहे. तारखांतही फसगत होते. क्वेकर महिन्यांची नावं न लिहिता आकडे लिहीत, आणि १७५२ पूर्वी पहिला महिना मार्च होता. त्यामुळे १७४८ च्या नोंदीतला चौथा महिना जून असतो आणि १७५८ च्या नोंदीतला एप्रिल. हे विसरलं की राजीनामा आणि त्याचं कारण यांचा क्रमच उलटा लागू शकतो.

सप्टेंबर १७७७ मध्ये ही दोन खाती एकाच शहरात वेगळी झालेली दिसतात. जेम्स पेंबर्टन, त्याचे भाऊ इझ्रायल आणि जॉन आणि इतर काही क्वेकर यांना क्रांतिकारी सरकारने खटला न चालवता व्हर्जिनियातल्या विंचेस्टरला हद्दपार केलं. त्यांतले दोघे तिथेच वारले. ते निघून दोन आठवडे झाल्याच्या सुमाराला, २६ सप्टेंबरला, हाऊची ब्रिटिश फौज फिलाडेल्फियात शिरली. क्वेकर पार्टीचा एकेकाळचा स्पीकर गॅलोवे त्या फौजेबरोबर परतला आणि शहराचा मुलकी कारभार त्याने हाती घेतला.