आंतरविद्याशाखीय विज्ञान व्याख्याने, पुणे

पुण्यातील विद्यापीठ, महाविद्यालये आणि संशोधन संस्थांमध्ये पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी होणारी, एकच प्रश्न दोन किंवा अधिक विद्याशाखांच्या साधनांनी उकलून दाखवणारी व्याख्याने. ती परीक्षेच्या अभ्यासक्रमात नसतात आणि बहुधा संध्याकाळी, तास व प्रात्यक्षिके आटोपल्यावर होतात. विभागातल्या नेहमीच्या सेमिनारपेक्षा ती वेगळी ठरतात ती श्रोत्यांमुळे. समोर बसलेल्यांपैकी अनेकांना आपला विषय परका आहे, हे धरूनच वक्त्याला बोलावे लागते.

व्याख्यान ऐकायला जाण्याची सवय या शहराला जुनी आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही चालते. विज्ञानापुरते बोलायचे तर १९४४ मध्ये स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने आकाशनिरीक्षणाची गोडी सामान्य पुणेकरांना लावली.

अशी व्याख्याने पुण्यात रुजण्याचे दुसरे कारण भूगोलाचे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या गणेशखिंड आवारातच आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. पाषाणच्या बाजूला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, उष्णदेशीय हवामान संस्था (आयआयटीएम) आणि २००६ पासून आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधनाची संस्था. फर्ग्युसन, गोखले अर्थशास्त्र संस्था, भांडारकर प्राच्यविद्या संस्था आणि आघारकर संशोधन संस्था तर एकमेकींपासून चालत जाण्याइतक्या जवळ. खगोलशास्त्रज्ञ, संस्कृत पंडित आणि वनस्पतिशास्त्रज्ञ एका दुपारी एका सभागृहात आणायला इथे कोणाच्या विमानाचे तिकीट काढावे लागत नाही.

अशा व्याख्यानाचा कस कशात असतो, हे समजून घ्यायला दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाण्यांवरचे काम पाहावे. कोसंबी मूळचे गणिती. १९३०-४०च्या दशकांत ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. तक्षशिलेला सापडलेल्या आहत, म्हणजे ठसे मारून पाडलेल्या प्राचीन नाण्यांचा काळ लावायचा होता, पण त्या नाण्यांवर ना राजाचे नाव, ना वर्ष; नुसती ठशांची चिन्हे. कोसंबींनी तराजू हाती घेतला. हातोहात फिरताना नाणे झिजते. जितका काळ ते चलनात राहील तितके सरासरी वजन उतरते, आणि सगळी नाणी सारखी झिजत नसल्यामुळे वजनांमधली तफावत वाढत जाते. टांकसाळीचे वर्ष कोरलेली आधुनिक नाणी तोलून त्यांनी हा नियम आधी पडताळला, मग प्राचीन नाण्यांना लावला. मागच्या बाजूला जास्त ठसे असलेली नाणी जास्त झिजलेली निघाली, म्हणजे ते ठसे चलनात असताना वेळोवेळी मारले गेले असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

हे उदाहरण विद्यार्थ्यांपुढे मांडण्याजोगे आहे, कारण यात संख्याशास्त्र शोभेला आणलेले नाही. ते काढून घेतले तर उत्तरच मिळत नाही; उलट ही नाणी ठरावीक वजनाची पाडली जात, हे इतिहासाने सांगितल्याशिवाय संख्याशास्त्रालाही पाय ठेवायला जागा नाही. याच कोसंबींनी १९४४ मध्ये गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे जे सूत्र दिले, ते आनुवंशिकीत आजही त्यांच्या नावाने वापरले जाते. नुसती दोन विषयांची नावे शीर्षकात जोडून दिलेली व्याख्याने पुष्कळ होतात. ती या कसोटीवर उतरत नाहीत, आणि मुले लवकर उठून जातात ती अशाच ठिकाणी.

पुण्याच्या परिसरातच अशी बरीच सामग्री आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात घोड नदीकाठच्या इनामगावला केलेल्या उत्खननात जळके धान्य, जनावरांची हाडे आणि माणसांचे दात यांवरून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे खाणेपिणे व त्यात होत गेलेले बदल उलगडले. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात देवरायांचा, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांचा अभ्यास केला, तेव्हा वनस्पतींच्या यादीइतकेच महत्त्व देवाच्या धाकाला आले. अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी पुण्यातील डेंग्यू आणि हवामान यांचा संबंध तपासला. मध्यम आणि विखुरलेल्या पावसात डास वाढतात, तर आठवड्यात १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अंडी आणि अळ्या वाहून जातात, असे त्यातून दिसले.

व्याख्यानाचा खरा जीव प्रश्नोत्तरांत असतो. भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी नाण्यांबद्दल विचारू शकते की कोणी मुद्दाम चांदी कातरली असेल तर? मग वक्त्याला झीज आणि लबाडी वेगळी कशी ओळखायची हे फळ्यावर मांडून दाखवावे लागते. अडचण भाषेची आहे. व्याख्यान आणि स्लाइड इंग्रजीत, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेली मुले सभागृहात गप्प बसतात आणि बाहेर चहाच्या टपरीवर नेमके तेच प्रश्न मराठीत सोडवत असतात. शुद्ध मराठीत विश्वरचनाशास्त्र समजावून देणाऱ्या जयंत नारळीकरांच्या शहरात हे असे चालू राहावे, याचे वाईट वाटते. निदान प्रश्न मराठीत घेण्याची मुभा सुरुवातीलाच जाहीर करायला हवी.

अंतराचाही प्रश्न आहे. संध्याकाळचे व्याख्यान संपेपर्यंत तालुक्याच्या महाविद्यालयांतील मुलांना परतीची एसटी गाठण्याची घाई असते. याला उलटी वाट सापडते ती जुन्नर तालुक्यात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, प्रदर्शन भरते आणि आसपासच्या गावांतले विद्यार्थी तिथे पोहोचतात. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या बारीक तारांच्या जाळीच्या का, हे तिथे तबकडीखाली उभे राहूनच समजावून घेता येते. जाळीची छिद्रे रेडिओ तरंगलांबीपेक्षा खूप लहान, म्हणून तरंगांना ती सलग पत्र्यासारखीच. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आटोक्यात राहिला. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या रचनेत खगोलशास्त्र, स्थापत्य आणि हिशेब एकत्र आले आहेत.