टवका सांगेल बशीचं वय

जुन्या डच बशीची पारख करायची तर चित्राकडे नंतर बघावं. आधी कडेला कुठे टवका उडालाय का ते शोधावं. टवक्याखाली पिवळसर, मऊ, सच्छिद्र माती दिसली, तर ती डेल्फ्ट शहरातली जुनी बशी असू शकते. आतही घट्ट, काचेसारखं पांढरंशुभ्र असेल तर ते पोर्सेलिन. आणि सतराव्या शतकात पोर्सेलिन बनवणं हॉलंडमध्ये कुणालाच जमलेलं नव्हतं. डचांचं खरं पोर्सेलिन वेस्प आणि लूसड्रेख्त इथे अठराव्या शतकात झालं, तेही थोडीच वर्षं.

पोर्सेलिनला केओलिन ही पांढरी माती आणि १३०० अंश सेल्सिअसच्या आसपासची भट्टी लागते. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज जहाज पकडलं. त्यातली निळी-पांढरी चिनी पोर्सेलिनची भांडी पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमला लिलावात गेली आणि श्रीमंतांना निळ्या-पांढऱ्याचं वेड लागलं. पुढे १६४४ मध्ये बीजिंगमधली मिंग सत्ता कोसळली आणि चीनमधून येणारा माल आटला. डेल्फ्टच्या कुंभारांनी ही संधी साधली. बंद पडलेल्या बिअर कारखान्यांच्या जागेत त्यांनी आपल्या भट्ट्या थाटल्या.

त्यांच्याकडे केओलिन नव्हतं, पण कथिल होतं. झिलईत, म्हणजे भांड्यावरच्या काचेच्या थरात, मिसळलेले कथिलाच्या ऑक्साइडचे बारीक कण काचेत जेमतेमच विरघळतात. ते प्रकाश चहूकडे विखुरतात, त्यामुळे एरवी पारदर्शक असणारी झिलई दुधाळ पांढरी होते आणि खालची माती झाकून टाकते. मातीत चुनाही भरपूर मिसळत. भाजताना लोह चुन्याच्या संयुगांत अडकतं, म्हणून भांडं विटेसारखं लाल न होता फिकट पिवळं पडतं. शिवाय निवताना माती आणि झिलई साधारण सारख्याच आकसतात, त्यामुळे झिलईला तडे कमी जातात.

खरी कसोटी चित्रकाराची. एकदा भाजलेली बशी झिलईच्या पाण्यात बुडवली की तिच्यावर कोरड्या भुकटीचा थर बसे, आणि त्या भुकटीवर कोबाल्टच्या निळ्या रंगानं चित्र काढायचं! ती पाणी तत्क्षणी शोषून घेते, रेघ चुकली तर पुसायची सोय नाही. दुसऱ्या भाजणीआधी वरून शिशाची पारदर्शक झिलई शिंपडत. निळ्याला खोली येते ती तिच्यामुळे. भिंगाखाली फटकाऱ्यांतला गडद-फिका फरक आणि कुंचला टेकल्या जागी साचलेला रंग दिसतो. छापील नकलेत बहुधा सारख्या अंतरावरचे ठिपके दिसतात.

बशी उलटी केली की काठाखाली तीन ओरखडे सापडावेत. भट्टीत ती मातीच्या तीन खुंट्यांवर टेकवलेली असे.

शिक्क्यावर मात्र मी फारसा विश्वास ठेवत नाही. 'एके' (AK) ही एकात एक गुंफलेली अक्षरं आद्रियानुस कॉक्स या कारखानदाराची, पण नकलाकारांनी ती बिनदिक्कत उमटवली. उलट 'मेड इन हॉलंड' लिहिलेलं असेल तर वस्तू सतराव्या-अठराव्या शतकातली नाही, हे नक्की. रंगीत बशीवरचा हिरवा रंग त्याहून बोलका: जुने कारागीर तो तांब्यापासून मिळवत. क्रोमियमचा शोध १७९७ चा. क्ष-किरण तपासणीत मूळ हिरव्यात क्रोमियम निघालं, तर विक्रेता कितीही शपथा घेवो, बशी एकोणिसाव्या शतकाच्या आधीची नाही.