'आविष्कार'साठी भौतिकशास्त्र-सांख्यिकीचा प्रकल्प : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

महाराष्ट्रातील विद्यापीठांचे 'आविष्कार' आंतरविद्यापीठ संशोधन संमेलन २००६ पासून भरते. दोलकाची गती किंवा प्रयोगातल्या आकड्यांना वक्र बसवणे असा विषय असेल, तर तुमचा गट शुद्ध विज्ञान.

पदवी, पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थी असे वेगवेगळे स्तर असतात. प्रवेश नियमित हवा. अर्ज परस्पर विद्यापीठाकडे जात नाही. फॉर्म ऑनलाइन असला तरी नाव कॉलेजच्या समन्वयकामार्फतच पुढे पाठवले जाते. म्हणून परिपत्रकाची वाट न पाहता सत्राच्या सुरुवातीलाच समन्वयक कोण आहेत ते विचारून ठेवा. वयाची अट आणि सारांशाची शब्दमर्यादा मात्र त्या वर्षीच्या परिपत्रकातूनच घ्या, सीनियरच्या जुन्या फॉर्मवरून नको.

कागदपत्रे फारशी नाहीत : बोनाफाईड, ओळखपत्र, फोटो, मार्गदर्शकांच्या सहीचा सारांश, प्राचार्यांची सही-शिक्का. सगळ्यांवर नाव एकाच स्पेलिंगमध्ये असू द्या, कारण प्रमाणपत्रावर तेच छापले जाते.

खरी मेहनत सारांशावर घ्यावी. 'साध्या दोलकाचा अभ्यास' एवढ्याने परीक्षक थांबत नाहीत. त्याऐवजी नेमका प्रश्न मांडा : दोलक सोडण्याचा कोन वाढवला की आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण आंदोलनाचा वेळ, किती वाढतो? एक मीटर लांबीच्या दोलकाचा आवर्तकाल लहान कोनात सुमारे २.०१ सेकंद. ३० अंशांवरून सोडला तर तो साधारण १.७ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे २० आंदोलनांत जवळपास ०.७ सेकंदांचा फरक. हा फरक साध्या स्टॉपवॉचनेही पकडता येतो. मात्र हवेच्या विरोधाने कोन घटत जातो आणि फरक थोडा कमी भरतो. म्हणून सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही कोन नोंदवा.

मग मिळालेल्या आकड्यांना लघुतम वर्ग पद्धतीने, म्हणजे मोजण्या आणि रेषा यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल अशी, रेषा बसवा. ही पद्धत फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केली, तीही धूमकेतूंच्या कक्षांवरील पुस्तकात. गतिशास्त्र आणि आकडेशास्त्र यांचे नाते इतके जुने आहे. नुसता सहसंबंध (आकडे रेषेशी किती जुळतात याचे माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.९९ आला म्हणून समाधान मानू नका. प्रत्येक मोजणी आणि बसवलेली रेषा यांतील फरकांचा वेगळा आलेख काढा. हे फरक शून्याभोवती विखुरले असतील तर ठीक. ते कमानीसारखे वळत असतील तर सूत्रात काहीतरी राहून गेले आहे. माझ्या मते हा आलेख पोस्टरच्या मधोमध असावा, कारण विद्यार्थ्याने स्वतः विचार केला आहे की नाही ते तिथेच दिसते.

फेऱ्या कॉलेज किंवा जिल्हा पातळीवरून विद्यापीठ आणि पुढे राज्य अशा चढत जातात. आधी पोस्टर, त्यातून निवड झाल्यास मौखिक सादरीकरण. वेळ मोजकाच मिळतो, तेव्हा प्रस्तावना आटोपती घेऊन मोजमापातील त्रुटी किती आणि कशी काढली यावर बोला. कच्च्या नोंदींची वही, मूळ ओळखपत्र आणि बोनाफाईडची एक जादा प्रत प्रत्येक फेरीला सोबत न्या.