पार्श्वभूमी : साकुरा फुलला हे ठरवतं कोण?

मार्च उजाडला की टोकियोतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच चर्चा असते: हनामी, म्हणजे साकुराच्या (चेरीच्या) फुललेल्या झाडांखालची सहल, कुठल्या रविवारी? सगळी जुळवाजुळव बहराच्या घोषणेवर अवलंबून असते. २०२३ मध्ये टोकियोत पूर्ण बहर जाहीर झाला तो २२ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी. पण बुधवार होता, ऑफिसं चालू होती. २०२५ मध्ये पुन्हा दोन्ही एकाच दिवशी आले, ३० मार्चला, आणि तो रविवार होता. सकाळी बाल्कनीत गुढी आणि दुपारी झाडाखाली श्रीखंड-पुरी, असा योग क्वचितच येतो.

या प्रथेची मुळं दरबारात आहेत. इ.स. ८१२ मध्ये क्योतोच्या राजोद्यानात सम्राटाने भरवलेल्या मेजवानीचा दाखला सापडतो. अठराव्या शतकात शोगुनने (लष्करी शासकाने) आसुकायामा टेकडीवर झाडं लावून ती सामान्यांना खुली केली. आजची सार्वत्रिक जात, सोमेइ-योशिनो, मात्र एदो काळाच्या अखेरची, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली. ती बीपासून नाही, कलमांनी वाढते. त्यामुळे सगळी झाडं आनुवंशिकदृष्ट्या एकच असतात आणि एका भागात जवळपास एकदमच फुलतात. एका झाडावरून अख्ख्या शहराचा बहर ठरवता येतो तो याच गुणामुळे.

टोकियोचं ते झाड यासुकुनी देवळाच्या आवारात, नोह या पारंपरिक नाट्याच्या रंगमंचाजवळ आहे. १९६६ पासून तेच नमुन्याचं झाड. हंगामात हवामान खात्याचा कर्मचारी येतो, मान वर करून फांद्या न्याहाळतो. मागे कॅमेऱ्यांची रांग. पाच-सहा फुलं उमललेली दिसली की बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं आणि जमलेली गर्दी टाळ्या वाजवते. साधारण ८० टक्के कळ्या फुलल्या की पूर्ण बहर. चार फुलं असतील तर उद्या पुन्हा यायचं.

जागेबद्दलचा वाद जुना आहे. देवळात युद्धात पडलेल्या सैनिकांबरोबर युद्धगुन्हेगारांचंही स्मरण होत असल्याने चीन आणि कोरियातून आलेल्या अनेक रहिवाशांना तिथे पाऊल टाकणं नकोसं वाटतं. भारतीयांचं नातं वेगळ्या प्रकारे गुंतागुंतीचं आहे: दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात बहुमताविरुद्ध निकाल देणाऱ्या भारतीय न्यायाधीशांचं स्मारक २००५ मध्ये याच आवारात उभं राहिलं. वसंताची सरकारी सुरुवात अशा जागी मोजली जावी का, हा प्रश्न रास्त आहे.

त्याहून मोठी उलथापालथ झाली ती अंदाजाच्या बाबतीत. खातं १९५५ पासून देशभरासाठी बहराचा अंदाज देत होतं. २००७ मध्ये संगणकीय चुकीमुळे टोकियोसह काही शहरांच्या तारखा चुकल्या आणि अधिकाऱ्यांना जाहीर माफी मागावी लागली. २०१० पासून खात्याने अंदाज देणं बंद केलं. खासगी कंपन्या तेवढ्याच तपशिलाने माहिती देतात, हे कारण. सोय झाली, पण आता दर कंपनीची तारीख वेगळी, आणि रजा टाकायची कुणाच्या भरवशावर हे ज्याचं त्याने ठरवायचं. फुलं मोजण्याचं काम तरी खात्याने सोडलं नाही, हे बरं झालं. २०२१ मध्ये निसर्गनिरीक्षणाच्या ५७ प्रजातींची यादी अवघ्या ६ वर आली. पहिल्या बेडकाची, पहिल्या सिकाडाची (झाडावर किरकिरणाऱ्या किड्याची) नोंद थांबली. साकुरा वाचला.

टोकियोतली भारतीय वस्ती वाढली ती वायटूकेच्या (२००० सालच्या संगणक-समस्येच्या) सुमारास, आयटीतल्या नोकऱ्यांमुळे. पूर्व टोकियोतल्या निशिकासाईहून तोझाई लाइन या मेट्रोने थेट ओतेमाचीची कार्यालयं गाठता येतात, म्हणून कुटुंबं तिथेच स्थिरावली. तीच लाइन पुढे कुदानशिताला जाते, म्हणजे नमुन्याच्या झाडाशी आणि राजवाड्याजवळच्या चिदोरिगाफुचीच्या खंदकाशी. तरी मुलंबाळं घेऊन बसायला अराकावा नदीकाठची कोमात्सुगावाची झाडं अधिक सोयीची. निळी ताडपत्री अंथरायची, चपला-बूट कडेला ओळीने काढायचे, कचरा घरी न्यायचा. पेटती शेगडी बहुतेक बागांत चालत नाही, त्यामुळे गरम भजी घरूनच.

२०२० मध्ये कोरोनाची साथ आली आणि उएनोसारख्या बागांत बसून खाण्यापिण्यावर बंदी आली. ती उठायला २०२३ उजाडलं. त्याच काळात बहर आधी सरकला. टोकियोत २०२०, २०२१ आणि २०२३ या तिन्ही वर्षी सुरुवात १४ मार्चला झाली, नोंदीतली सर्वांत लवकरची तारीख. जपानमध्ये नोकरी आणि शाळा १ एप्रिलला सुरू होतात आणि अनेक परदेशी कुटुंबं त्याच सुमारास येऊन दाखल होतात. त्या तीन वर्षांत आलेल्यांच्या वाट्याला टोकियोत बहुतेक पालवीच आली. २०२४ मध्ये सुरुवातच २९ मार्चला झाली आणि एप्रिलमध्ये उतरलेल्यांना पूर्ण बहर मिळाला.