पूर्वप्रसिद्धी व हरकती : खानदेश

कायद्याने दिलेल्या अधिकारात शासन नियम करते, तेव्हा ते पक्के करण्याआधी मसुदा राजपत्रात छापून ठरावीक तारखेपर्यंत लोकांच्या हरकती व सूचना मागवण्याची पद्धत. नियमामुळे पर्यावरण, उपजीविका व सरकारी तिजोरी यांवर काय परिणाम होईल, याचा आगाऊ अंदाज घेणे (परिणाम-मूल्यमापन) हे तिला बऱ्याच उशिरा येऊन मिळालेले अंग होय.

उगम : या पद्धतीचा उगम सामान्यतः इंग्लंडच्या १८९३ च्या नियम-प्रसिद्धी कायद्यात शोधला जातो. त्या कायद्यात काही प्रकारच्या नियमांसाठी ४० दिवसांची आगाऊ सूचना होती. मात्र भारतातील सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ (इतर कायद्यांना लागू होणाऱ्या समान तरतुदी देणारा कायदा) याच्या कलम २३ मधील पूर्वप्रसिद्धीची तरतूद १८८७ च्या त्याच नावाच्या कायद्यावरून घेतलेली दिसते. तसे असल्यास भारतीय तरतूद इंग्लंडच्या कायद्यापेक्षा जुनी ठरते आणि ‘इंग्लंडकडून उसनी’ हे मत सोडावे लागते. प्रस्तुत नोंदीत हा दुसरा पक्ष अधिक ग्राह्य मानला आहे. मुंबई प्रांताने १९०४ च्या आपल्या वाक्खंड अधिनियमात (कलम २४) हीच तरतूद घेतली. आज तोच कायदा महाराष्ट्राच्या नावाने चालू आहे. १९४६ मध्ये इंग्लंडने आगाऊ सूचनेची ही सर्वसाधारण सक्ती काढून टाकली आणि त्याच वर्षी अमेरिकेने प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याद्वारे ती स्वीकारली.

कलम २३ ची व्याप्ती मुळात मर्यादित आहे. ज्या कायद्याखाली नियम केला जातो, त्यात ‘पूर्वप्रसिद्धीनंतर’ अशी अट असेल तरच ते लागू होते. आलेल्या हरकतींचा विचार करणे बंधनकारक आहे, पण त्यांना उत्तर देणे नाही. शिवाय नियम पूर्वप्रसिद्धीनंतर केला असे राजपत्रात एकदा छापले, की तो रीतसर झाल्याचा तोच निर्णायक पुरावा ठरतो. मसुदा लोकांपर्यंत पोहोचलाच नाही, ही तक्रार मग फारशी पुढे जात नाही. या पद्धतीतील सर्वांत मोठी उणीव हीच.

खानदेशातील पूर्वपीठिका : १८१८ मध्ये ब्रिटिश अंमल आल्यानंतर खानदेशात जमीन मोजणी सुरू झाली, तेव्हा रयतेला आधी विचारण्याची कोणतीही रीत नव्हती. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत मोजणीविरुद्ध मोठे जमाव जमले व लष्करी बळ वापरून ते मोडावे लागले. याला वतनदारांची चिथावणी म्हणावे की वाढीव साऱ्याची भीती, याबाबत दोन्ही बाजूंनी लिहिता येते. साऱ्याची भीती हे कारण नाकारणे मात्र कठीण आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार जमाबंदीचा (जमिनीचा सारा ठरवण्याचा) अहवाल छापावा लागतो, जुने व प्रस्तावित दर गावात मराठीतून कळवावे लागतात आणि हरकती घ्याव्या लागतात. सावद्याच्या रयतेला हे मिळाले नव्हते.

सातपुड्यातील प्रश्न : नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्राची ३३ गावे येतात, ती अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतली. प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी १९८७ मध्ये मिळाली, तर प्रकल्पांसाठी जनसुनावणी सक्तीची झाली १९९७ मध्ये. पर्यावरणीय परिणाम-मूल्यमापनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, जिथे वृत्तपत्रे पोहोचत नाहीत तिथे दवंडीसारख्या मार्गाने कळवावे लागते आणि शेवटी कामकाजाचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. गणपूर्तीची (किमान उपस्थितीची) अट नाही. चार माणसे आली तरी सुनावणी झाली असे धरले जाते. दिवाळीनंतर नंदुरबार जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे व अन्यत्र जातात. त्या काळात निघालेल्या नोटिशीची मुदत, गावात वाचणारे कोणी असो वा नसो, संपून जाते.

भाषेचा प्रश्न त्याहून बिकट आहे. पर्यावरणीय परिणाम-मूल्यमापनाच्या २०२० च्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध करण्याचे निर्देश दिले व हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. मराठीला याचा लाभ होतो. या भागात बोलल्या जाणाऱ्या भिली, पावरी, मावची व अहिराणी मात्र त्या अनुसूचीत नाहीत. अक्राणी तालुक्यातील धडगावच्या पाड्यावर राजपत्राची मराठीही परकीच ठरते, आणि समजलेच नाही अशा मसुद्यावर हरकत घेण्याचा हक्क कागदावरच राहतो.

नवापूर, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके पूर्णतः, तर साक्री, शिरपूर, शहादा, नंदुरबार, चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात (राज्यघटनेनुसार घोषित आदिवासी क्षेत्रात) येतात. तिथे भूसंपादनाआधी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करणे १९९६ च्या पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा) आवश्यक केले. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ चे आहेत. ग्रामसभेत बोलीत चर्चा होते, म्हणून राजपत्रातील सूचनेपेक्षा हा मार्ग या भागाला अधिक मानवतो.

अलीकडील धोरण : केंद्राच्या २०१४ च्या विधिपूर्व विचारविनिमय (कायदा करण्याआधी लोकांचे मत घेण्याच्या) धोरणात मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, तसेच पर्यावरण, मूलभूत हक्क व उपजीविका यांवरील अंदाजित परिणाम सोबत द्यावेत असे म्हटले आहे, पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. २०१६ मध्ये कॉल ड्रॉप (मध्येच तुटणारे मोबाइल कॉल) भरपाईचा विनियम रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने संसदेने याबाबत कायदा करण्याचा विचार करावा असे सुचवले. जळगाव, धुळे येथील शहर विकास आराखड्यांवरील हरकती १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली घेतल्या जातात.