दगड लहान होतो, पाणी होत नाही

ठाणे आणि नवी मुंबईत छोटे सैनिक रंगवणाऱ्या, टेबलावर डोंगर-किल्ले उभारणाऱ्या मंडळींची कामं जूनपासून तुंबत जातात. प्रायमर (रंगाआधीचा तळथर) न मारलेले मावळे, अर्धा बुरूज, हौसेने मागवलेले आणि खोक्यातच राहिलेले राक्षस. मग दसऱ्याच्या सुमारास ऊन तापू लागलं, की घोडबंदर रोडपासून नेरूळपर्यंतच्या गॅलऱ्यांत स्प्रेचे डबे खुळखुळायला लागतात. घरचे याला आळस म्हणतात. थोडा असेलही, पण बराचसा दोष दवबिंदूचा आहे, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्याचा.

स्प्रेमधला द्रावक झपाट्याने उडून जातो आणि जाताना रंगाच्या थरातली उष्णता घेऊन जातो. जुलैतला एखादा दिवस धरा: तापमान २८ अंश, सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू साधारण २५ अंश असतो. म्हणजे ओला थर जेमतेम ३ अंशांनी गार झाला, की हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते आणि काळा प्रायमर वाळल्यावर दुधाळ दिसतो. ऑक्टोबरच्या दुपारी ३४ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू २२ च्या आसपास उतरतो. आता १२ अंशांची सवड मिळाली. तेवढ्यात रंग सुकून मोकळा होतो.

फेविक्विकची तऱ्हा नेमकी उलटी. त्यातलं सायनोअ‍ॅक्रिलेट पाण्यासारखं ‘वाळत’ नाही. ओलाव्याचा स्पर्श झाला की त्याचे सुटे रेणू एकमेकांना धरत लांब साखळ्या बनवतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओलावा मागावा लागत नाही. १९४२ साली अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा हे रसायन हाती आलं. पण लागेल तिथे चिकटतं म्हणून बाजूला पडलं. १९५१ मध्ये त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेलं आणि १९५८ मध्ये ते गोंद म्हणून बाजारात उतरलं. दमट हवेत त्याची एक खोड मात्र सांभाळावी लागते. उडालेली वाफ सांध्याभोवती पांढरी होऊन बसते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत हीच वाफ वापरून बोटांचे ठसे उठवतात. रंगवलेल्या सरदाराच्या काळ्या दाढीवर ती नको असते.

आता रंगकामाकडे. या छंदातला नेहमीचा सैनिक २८ मिलिमीटर उंच, म्हणजे माणसाच्या सुमारे साठाव्या हिश्शाचा. माणूस साठपट लहान झाला, पण त्याच्यावर पडणारा उजेड आणि त्याच्याकडे पाहणारा डोळा आहे तेवढेच राहिले. चार फुटी ट्यूबलाइट या सैनिकाच्या उंचीच्या ४३ पट लांब भरते. आपल्या मापात सांगायचं, तर डोक्यावर २४० फुटी दिवा लटकतोय. सूर्याची तबकडी आकाशात अर्ध्या अंशाएवढीच असते, म्हणून उन्हातली सावली कापल्यासारखी येते. टेबलापासून तीन फुटांवर असलेली ट्यूब सैनिकाच्या आकाशाचे ६५ अंशांहून अधिक व्यापते. तो उजेड हनुवटीखाली, काखेत, कमरपट्ट्याखाली शिरतो आणि सावल्या पुसून टाकतो. त्यात हातभर अंतरावरून आपल्या डोळ्याला ०.२ मिलिमीटरपेक्षा बारीक काही वेगळं दिसणं कठीण. सैनिकाच्या मापात हे १२ मिलिमीटर झाले. अंगरख्याची बारीक चुणी, कपाळावरची आठी सगळी त्यात बुडाली. म्हणून रंगवणारा सावली ब्रशने घालतो आणि उंचवट्यांवर उजळ रंग चढवतो. जवळून पाहिलं तर हे सगळं भडक, नाटकी वाटतं. हातभर मागे सरा, मग चेहरा दिसतो.

सावली घालायचा सोपा उपाय म्हणजे वॉश. पातळ केलेला गडद रंग फासला की पृष्ठताणामुळे तो आपणहून खाचांत जाऊन बसतो. पण सपाट ढालीवर तोच रंग वाळताना कडेला गडद कंगोरा सोडतो. टेबलावर सांडलेल्या चहाच्या थेंबाची कडही अशीच काळपट उमटते. याचं कारण १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं. थेंबाची कड पृष्ठभागाला अडकून राहते, तिथून पाणी जास्त वेगाने उडतं, ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि जाताना रंगकण सोबत नेतं. यावर फार डोकं चालवायची गरज नाही. सपाट जागी साचलेलं ओलसर ब्रशने टिपून घ्यायचं, वॉशमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचं अगदी टोकभर बोट बुडवायचं.

डोंगर मात्र या छंदावर मेहरबान आहेत. भूवैज्ञानिक खडकाचा फोटो काढताना शेजारी हातोडी किंवा नाणं ठेवतात, कारण त्याशिवाय तो कडा आहे की मुठीतला दगड हे सांगता येत नाही. तुटलेला दगड लहान-मोठ्या सगळ्या मापांत सारखाच खडबडीत दिसतो. गणितज्ञ बेनुआ मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी मोजायचा प्रश्न उभा केला, त्याच्या मुळाशी हाच गुण होता. पारसिकचा डोंगर, येऊरच्या टेकड्या हा सगळा काळा बसाल्ट. त्याच दगडाची खडी टेबलावर ठेवली की कातळकडा तयार. (येऊरहून दगड उचलू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे. ठाण्यात एखादी इमारत बांधून होत नाही असा रस्ता सापडणं अवघड, खडी तिथे मिळेल.) वाळूचंही तसंच. कोरड्या वाळूचा ढीग ट्रकभर असो की चिमूटभर, उतार ३० ते ३५ अंशांच्या आसपासच राहतो.

थर्माकोलवर माझा जीव नाही. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि स्प्रेमधल्या द्रावकाने तो विरघळून खड्डे पडतात. पुठ्ठा आणि झाडाची साल पुरते.

खंदकात खरं पाणी ओतून पाहणारे थोडे नसतात. ते फसतं, कारण पृष्ठताण आणि गुरुत्वाकर्षण यांची बरोबरी पाण्यात २.७ मिलिमीटरच्या आसपास होते, आणि हे माप मॉडेलबरोबर आक्रसत नाही. ३ मिलिमीटरचा थेंब सैनिकापुढे १८ सेंटिमीटरचा, शहाळ्याएवढा पडतो. भिंतीलगत पाणी चढतं, तेही त्याच्या पोटरीच्या हिशेबात. म्हणून एपॉक्सी रेझिन: राळ आणि हार्डनर असे दोन द्रव मिसळले, की घट्ट होणारं. ते घट्ट होताना तापतं, तेव्हा एकदम न ओतता काही मिलिमीटरचे थर द्यावे लागतात. आणि इथे पुन्हा हवा आडवी येते: दमट दिवशी हार्डनरमधली अमाइन्स नावाची रसायनं हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून वर मेणचट साय धरतात. सगळं रंगकाम उरकून खंदक शेवटी, नोव्हेंबरच्या कोरड्या दिवसांत भरावा. ओतल्यावर मोठा डबा पालथा घालून रात्रभर झाकून ठेवावा. नाहीतर घोडबंदर रोडची धूळ त्या पाण्यात कायमची मुक्कामाला येते.